नासिकासंधान ते कपोलपूरण : मुखाकृतीच्या पुनर्रचनेचा ऐतिहासिक आढावा

१. विषयप्रवेश

नाशिक ह्या नगरनामाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. नऊ शिखरांवर वसलेले म्हणून ‘नवशिख’ हा एक पक्ष. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली म्हणून ‘नासिक’ हा दुसरा. यांपैकी कोणता पक्ष ग्राह्य धरावा हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे. नाव मात्र निःसंशय प्राचीन आहे. शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेण्यांतील एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळचा लेख आहे, आणि ते लेणे करविणारा श्रमण-महामात्र नासिकचा होता असे त्यात कोरलेले आहे. इसवी सनापूर्वीच रूढ झालेल्या ह्या नावाशी लोकमानसाने छिन्न नासिकेची कथा जोडली, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मुखावरील एका अवयवाची हानी म्हणजे केवळ देहाची हानी नव्हे, ती प्रतिष्ठेची हानी होय, हा अर्थ त्या कथेत पूर्णपणे उतरलेला आहे.

मराठी भाषेची साक्षही हीच आहे. ‘नाक कापणे’, ‘नाक ठेचणे’, ‘तोंड दाखवायला जागा न उरणे’ हे वाक्प्रचार शरीराचे नसून अब्रूचे आहेत. गालांविषयीची भाषा मात्र काहीशी निराळी आहे. ‘गाल बसले’, ‘गालफडे आत गेली’ असे म्हटले की ऐकणारा लगेच आजार, उपासमार किंवा मनस्ताप ह्यांचा विचार करतो. आणि आनंदाने ‘अंगावर मूठभर मांस चढते’ ते प्रथम गालांवरच दिसते. नाक अब्रू सांगते, तर गाल प्रकृतीचे वर्तमान सांगतात. बसलेला गाल पुन्हा भरून काढण्याची जी वैद्यकीय रीत आज ‘फिलर’ ह्या नावाने शहरोशहरी परिचित झाली आहे, तिच्याकडे बहुधा चैन किंवा नटवेपणा म्हणून पाहिले जाते. तथापि तिची पूर्वपीठिका तपासली असता ती ह्या दोन्ही अर्थांशी, म्हणजे अब्रूशी व प्रकृतीशी, बांधलेली आढळते. त्या पूर्वपीठिकेचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

२. दाता गाल : सुश्रुतसंहितेतील विधी

मुखाच्या पुनर्रचनेच्या इतिहासात गालाचा प्रथम उल्लेख येतो तो घेणारा म्हणून नव्हे, तर देणारा म्हणून. इसवी सनाच्या आगेमागे अनेक शतके संस्कार होत घडलेल्या सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णव्यध व कर्णबंध ह्या विषयांचा आहे. जड कुंडलांनी वा आघाताने फाटलेल्या कानाच्या पाळ्या सांधण्याचे पंधरा प्रकार त्यात सांगितले आहेत. ज्याला पाळीच उरलेली नाही त्याच्यासाठी गालाचे मांस उचलून नवी पाळी घडवावी असे तेथे सांगितले आहे. हे मांस मुळापासून तोडावयाचे नाही. ते जिवंत व आपल्या जागेशी संलग्न राहिले पाहिजे, अशी स्पष्ट अट ग्रंथकाराने घातली आहे. रक्ताचा पुरवठा कायम राखून त्वचा-मांसाचा पट्टा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे आजच्या पुनर्रचना-शल्याचे मूलतत्त्व होय, आणि ते ह्या अटीत स्वच्छपणे व्यक्त झाले आहे.

त्याच अध्यायाच्या अखेरीस नासिकासंधानाचा विधी येतो. तुटलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या पानाच्या प्रमाणात गालाच्या बाजूचे मांस उचलावे, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करून त्यावर ते त्वरेने बसवावे, श्वासासाठी दोन नळ्या घालून नाक उंच राखावे, पतंग, ज्येष्ठमध व अंजन ह्यांचे चूर्ण त्यावर टाकावे, वर पांढरा कापूस ठेवून तिळाच्या तेलाचे सिंचन करीत राहावे, असा हा क्रम आहे. ह्यापुढील सूचना विशेष लक्षणीय आहे. बसविलेले नाक उणे राहिल्यास ते वाढविण्याचा यत्न करावा, आणि मांस अधिक झाल्यास ते सारखे करावे, असे ग्रंथ सांगतो. केवळ छिद्र झाकणे हा ह्या क्रियेचा हेतू नव्हता. आकार, प्रमाण व उंचवटा हेही वैद्याच्या कर्तव्यात गणले जात होते.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातही ह्याच विधीचा अनुवाद आहे. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने हे दोन्ही ग्रंथ छापून काढले. त्यांतील सुश्रुताची आवृत्ती वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांनी डल्हणाच्या टीकेसह संपादिली. ग्रंथाचे विद्यमान संपादित रूप महाराष्ट्रातील वैद्यांच्या हाती पडले त्याचे मोठे श्रेय ह्या मुद्रणालयास आहे.

गालाचीच निवड का झाली असावी ह्याचे उत्तर शरीररचनेत सापडते. गालाची त्वचा सैल असते, तिच्याखाली मेदाचा थर असतो आणि तिचा रक्तपुरवठा विपुल असतो. त्यामुळे तेथील जखम लवकर भरते. परंतु गालाने नाकाला दिलेल्या ह्या दानाची खूण गालावर व्रणरूपाने राहणारच. एका ठिकाणची उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या ठिकाणी उणीव निर्माण करणे हा ह्या पद्धतीचा अपरिहार्य भाग होता.

३. पुण्याचा कुंभार : सन १७९४ चा वृत्तांत

ग्रंथातील विधी प्रत्यक्ष व्यवहारात कितपत जिवंत राहिला ह्याविषयी मधल्या काळातील पुरावा तुटपुंजा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र महाराष्ट्रातूनच एक असा वृत्तांत पुढे आला की त्याने युरोपातील शल्यविद्येची दिशा पालटली.

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र चित्रासह प्रसिद्ध झाले. त्यात वर्णिलेला मनुष्य शेतकरी जातीचा मराठा असून त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजी फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या सैन्याने त्यास पकडले आणि त्याचे नाक व एक हात तोडून सोडून दिले. ह्या अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेत परतला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या कुंभार जातीतील एका मनुष्याने त्यास नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या दोन शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिल्याचा निर्वाळा पत्रात आहे.

क्रियेचे वर्णन तपशीलवार आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्यास चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. त्या रेघेतील कपाळाची त्वचा सोलून काढावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध तिचा एक निमुळता पट्टा जोडलेलाच ठेवावयाचा, म्हणजे रक्ताभिसरण चालू राहते. नाकाच्या खुंटाभोवती चीर पाडून ह्या त्वचेची कड तीत बसवावयाची. वर पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून ठेवावयाचा. चार दिवसांनी ही पट्टी काढून तुपात भिजविलेली कापडे लावावयाची. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहावे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावेत. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टा कापून नाकास नीट आकार द्यावा.

हा वृत्तांत सुश्रुताच्या विधीशी ताडून पाहिल्यास साम्य व भेद दोन्ही दिसतात. पानाच्या जागी मेण आले, गालाच्या जागी कपाळ आले. माप घेणे, त्वचा जिवंत ठेवणे आणि नाकपुड्या उघड्या राखणे ही तीन तत्त्वे मात्र कायम आहेत. पुण्याच्या कुंभाराने संस्कृत संहिता वाचली होती असे मानण्यास आधार नाही. घराण्यातून हातोहात चालत आलेली ही विद्या होती असे दिसते. सपाट पृष्ठातून उभा आकार काढणे हे तर त्याच्या जातिधंद्याचेच काम होते. ग्रंथपरंपरा व हस्तपरंपरा ह्यांचा नेमका संबंध अनिर्णीत ठेवूनच ह्या साम्याकडे पाहणे इष्ट होय.

कावसजी पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला असेही पत्रात नमूद आहे. त्याचा हात परत येणे शक्य नव्हते. नाक मात्र परत आले, आणि ते आणून देणाऱ्या कारागिराचे नावही इतिहासाने नोंदविले नाही.

ह्या पत्राच्या प्रेरणेने लंडनचे शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू ह्यांनी चौकशी आरंभिली. पुण्याच्या दरबारी इंग्रजांचे वकील राहिलेले सर चार्ल्स मॅलेट ह्यांच्याकडूनही त्यांनी माहिती मिळविली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी ह्या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली व १८१६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कपाळाच्या त्वचेने नाक घडविण्याच्या रीतीस पाश्चात्त्य वैद्यकात ‘भारतीय पद्धती’ हे नाव पडले ते आजतागायत चालू आहे.

४. त्वचेकडून आकारमानाकडे

आतापर्यंत वर्णिलेल्या क्रियांत तुटलेल्या भागाच्या जागी जिवंत त्वचा नेऊन बसविली जात होती. परंतु त्वचा शाबूत असूनही मुखाचा आकार बिघडू शकतो. आतील मेद झिजला, हाड खचले वा व्रण खाली ओढला गेला, तर कातडीला काहीही न होता गाल खोल जातो. अशा ठिकाणी वरून ठिगळ लावून उपयोग नसतो. आतून भरावे लागते. गाल देणारा न राहता घेणारा झाला तो ह्या टप्प्यावर.

कील येथील जर्मन शल्यवैद्य गुस्टाव्ह नॉयबर ह्यांनी १८९३ साली बाहूतील मेदाचे लहान लहान तुकडे काढून चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरून काढल्याची माहिती प्रसिद्ध केली. स्वतःच्याच शरीरातील द्रव्य वापरल्याने ते परके ठरत नाही हा ह्या रीतीचा मोठा गुण. त्यातील बराच भाग पुढे शोषला जातो हा तिचा दोष. तुकडे लहान असतील तर ते अधिक टिकतात हे नॉयबर ह्यांचे निरीक्षण पुढील शतकातील मेदरोपणास मार्गदर्शक ठरले.

ह्यापेक्षा सोपा मार्ग शोधण्याच्या उत्साहात जे घडले तो ह्या इतिहासाचा सर्वांत खेदजनक भाग होय. व्हिएन्नाचे रोबर्ट गेर्सुनी ह्यांनी १८९९ साली पातळ केलेले पॅराफिन सुईने टोचून शरीरातील पोकळी भरण्याचा प्रयोग केला. पॅराफिन स्वस्त होते, टोचताना द्रव असे व आत गेल्यावर घट्ट होई. कापाकापीची गरज नसे. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत नाके, गाल व सुरकुत्या भरण्यासाठी त्याचा सर्रास वापर होऊ लागला. परिणाम काही काळाने दिसू लागले. पॅराफिन जागचे सरके, त्याभोवती कठीण गाठी धरत, त्वचा लाल व जाड होई, व्रण वाहत; रक्तवाहिनीत शिरल्यास डोळा जाण्याचाही प्रसंग येई. एकदा आत गेलेले द्रव्य बाहेर काढण्याचा निर्धोक उपाय मात्र नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोनच्या बाबतीत ह्याच चुकीची पुनरावृत्ती झाली.

ह्या दोन्ही प्रकरणांत द्रव्य शरीराला परके आहे, त्याचे प्रमाण सैल हाताने ठरविले आहे, आणि परतीची वाट ठेवलेली नाही, हे तीन दोष समान आहेत. सुश्रुताने व पुण्याच्या कुंभाराने पाळलेली तत्त्वे ह्यांच्यासमोर ठेवली म्हणजे भेद उघड होतो. त्यांचे द्रव्य रुग्णाचेच व जिवंत होते, त्याचे माप आधी पानावर वा मेणावर घेतले जाई, आणि अधिक-उणे दुरुस्त करण्यास पुढे वाव असे. यंत्रयुगाने सुई दिली, पण हा विवेक पुन्हा संपादन करण्यास तिला जवळजवळ एक शतक लागले.

५. आधुनिक पूरकद्रव्ये व त्यांचे कार्य

परतीच्या वाटेचा शोध प्रयोगशाळेतून लागला. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर व जॉन पामर ह्यांनी गाईच्या डोळ्यातील काचरसातून एक शर्करामय द्रव्य वेगळे केले आणि त्यास हायलुरॉनिक आम्ल हे नाव दिले. हे द्रव्य मनुष्याच्या त्वचेत, सांध्यांत व डोळ्यांत निसर्गतःच असते. पाणी धरून ठेवण्याची त्याची शक्ती असामान्य आहे. त्याचे विघटन करणारे हायलुरॉनिडेज हे विकर फैलावकारक घटक म्हणून १९२८ पासून ज्ञात होते. त्याची खरी ओळख ऑक्सफर्ड येथे अर्न्स्ट चेन व डथी ह्यांनी १९४० साली पटविली. हेच चेन पेनिसिलिनच्या संशोधनामुळे प्रसिद्ध आहेत. भरणारे द्रव्य व ते विरघळविणारे द्रव्य ह्यांची जोडी अशा रीतीने सिद्ध झाली. मात्र गालाशी तिचा संबंध येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

तत्पूर्वी गुरांच्या कातड्यातून काढलेल्या कोलॅजनचा पर्याय पुढे आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास १९८१ साली मान्यता दिली. काही रुग्णांत त्याची वावडी आढळत असल्याने आधी हातावर चाचणी घ्यावी लागे, आणि त्याचा परिणाम काही महिन्यांतच ओसरे. हायलुरॉनिक आम्लही प्रथम कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळविले जाई. पुढे जंतूंच्या किण्वनाने ते तयार होऊ लागले, आणि प्राणिजन्य द्रव्याची गरज उरली नाही. मूळ स्वरूपात ते शरीरात थोड्याच दिवसांत नाहीसे होते. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींस आडव्या बंधांनी जोडून त्याचा चिवट लगदा बनवितात. असे पूरकद्रव्य युरोपात १९९६ पासून व अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून वापरात आले. गालाचे आकारमान भरून काढण्यासाठी खास घट्ट केलेल्या द्रव्यास अमेरिकी प्रशासनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्यता दिली. त्याचा परिणाम दोन वर्षांपर्यंत टिकतो असे त्या वेळी नमूद झाले.

गाल का बसतो ह्याविषयीचे ज्ञानही दरम्यान सूक्ष्म झाले होते. गालातील मेदाचा गोळा फ्रेंच शरीरवेत्ता बिशा ह्याच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ओळखला जातो. २००७ साली रॉरिक व पेसा ह्यांनी मृतदेहांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की चेहऱ्यावरील मेद हा एकसंध थर नसून पडद्यांनी विभागलेल्या अनेक कप्प्यांत असतो. वयाबरोबर हे कप्पे सारखे झिजत नाहीत. खोल कप्पे आटतात, गालाचे हाडही काही प्रमाणात मागे सरते, आणि आधार गेलेली कातडी खाली लोंबते. म्हणून नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पडणारी खोल रेघ बुजविण्यासाठी रेघेतच द्रव्य भरण्यापेक्षा वर गालाच्या हाडालगत आधार उभा करणे अधिक युक्त, असा विचार रूढ झाला. छप्पर वाकले असता कौलांच्या फटी लिंपण्यापेक्षा खालचा वासा सावरावा, तसाच हा प्रकार आहे.

ही क्रिया सुईची असली तरी निरुपद्रवी मानता येत नाही. चेहऱ्यावरील रक्तवाहिन्यांचे जाळे डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेले आहे. द्रव्य चुकून धमनीत गेल्यास त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिक आम्लाच्या बाबतीत विरघळविणारे विकर तत्काळ टोचता येते, म्हणून इतर द्रव्यांपेक्षा ते सुरक्षित गणले जाते. गेलेली दृष्टी मात्र त्याने परत येईलच असा भरवसा नाही. शरीररचनेचे पक्के ज्ञान नसलेल्या हातात ही सुई जाणे म्हणूनच धोक्याचे आहे.

६. महाराष्ट्रातील अनुभव : कुष्ठरोग व एड्स

मुखाच्या पुनर्रचनेस चैन मानणाऱ्या मतास महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासातील दोन प्रकरणे परस्पर उत्तर देतात.

पहिले प्रकरण कुष्ठरोगाचे आहे. ह्या रोगात नाकाचा दांडा आतून खचतो, भुवया झडतात, चेहऱ्याची कातडी अकाली सुरकुतते. विसाव्या शतकाच्या मध्यास औषधांनी रोग आटोक्यात येऊ लागला, तरी रोगाने दिलेला चेहरा राहिला, आणि बरा झालेला मनुष्य गावात परत जाऊ शकेना. सर हॅरॉल्ड गिलीज ह्यांच्या हाताखाली इंग्लंडात शिकलेले डॉ. नोशीर अँटिया ह्यांनी पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया आरंभिल्या व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते काम वाढविले. रोगजंतू नाहीसा झाला म्हणजे रोगी बरा झाला असे नसून समाजाने त्यास ओळखले न पाहिजे, हे ह्या कामाचे मर्म होते. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५८ साली स्थापन झालेला स्वतंत्र पुनर्रचना-शल्य विभागही ह्याच काळातील होय.

दुसरे प्रकरण प्रत्यक्ष गालाचेच आहे. एच.आय.व्ही.च्या संसर्गावर तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास प्रभावी ठरला. परंतु तो अतिशय महाग होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने असा उपचार वर्षाला ३५० डॉलर ह्या दराने सेवाभावी संस्थेस देऊ केला, आणि गरीब देशांतील लक्षावधी रुग्णांना जगण्याची शक्यता निर्माण झाली. त्या तीन औषधांपैकी एक स्टॅव्ह्युडिन हे होते. भारत सरकारची मोफत उपचारयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि येथील रुग्णांनाही ह्या औषधाचा आधार मिळाला.

स्टॅव्ह्युडिनने प्राण वाचविले. पण ते पेशींतील ऊर्जाकेंद्रांस अपाय करते व त्यामुळे हातापायांचा व विशेषतः गालांचा मेद झिजतो. सिडनी येथील वैद्यांनी उपचार घेणाऱ्या रुग्णांतील मेदाच्या ह्या विकृतीचे वर्णन १९९८ साली प्रसिद्ध केले होते. ह्याचा परिणाम विचित्र झाला. रोग लपून राहत होता, उपचाराने मात्र तो चेहऱ्यावर लिहिला गेला. रक्तातील विषाणू आटोक्यात, वजन वाढलेले, मनुष्य कामावर जाण्यास समर्थ. आणि तरी खोल गेलेली गालफडे पाहून शेजारीपाजारी तर्क करू लागत. चेहऱ्याच्या भीतीने औषध सोडण्याकडे रुग्णांचा कल होऊ लागल्याचे अनेक देशांतील वैद्यांनी नोंदविले आहे. गाल बसणे म्हणजे आजार, हे जे समीकरण भाषेत पूर्वीपासून होते ते येथे एका मोठ्या रुग्णसमुदायास भोवले.

अमेरिकी प्रशासनाने ऑगस्ट २००४ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पूरकद्रव्यास जी मान्यता दिली ती प्रथम ह्याच रुग्णांच्या गालांसाठी होती, सौंदर्यवृद्धीसाठी नव्हे. २०१० साली तेथील वृद्ध व अपंगांच्या सरकारी विमायोजनेने, चेहऱ्याच्या ह्या विकृतीमुळे खिन्नतेचा विकार जडलेल्या एच.आय.व्ही. रुग्णांसाठी गाल भरण्याचा खर्च उचलण्याचे ठरविले. भारतातील मोफत योजनेत औषधे होती, रक्ताच्या तपासण्या होत्या, मुखपूरण नव्हते. ज्या औषधाने गाल झिजला ते गरिबास फुकट मिळत होते, आणि गाल भरणारे द्रव्य केवळ पैसेवाल्यास मिळत होते, अशी ही विषम स्थिती होती.

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर सुईने नव्हे, औषधपालटाने मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम स्टॅव्ह्युडिनची मात्रा कमी करण्याची व नोव्हेंबर २००९ मध्ये ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. भारतातही पुढील वर्षांत टेनोफोव्हिरसारखी औषधे त्याच्या जागी आली. नव्या रुग्णांचे गाल वाचले. आधीच झिजलेला मेद मात्र फारच हळू व अपुरा परत येतो. त्या रुग्णांसाठी पूरणाची आवश्यकता उरतेच.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, गालाचे मांस नाकास देणे आणि गालास बाहेरून द्रव्य देणे ह्या दोन क्रिया वरवर भिन्न असल्या तरी मापाचा काटेकोरपणा, शरीराशी द्रव्याचे सख्य व दुरुस्तीस वाव ह्या तीन अटी दोहोंस समान लागू आहेत. त्या सोडल्या तेव्हा तेव्हा अनर्थ झाला आहे. दुसरी अशी की, मुखाची पुनर्रचना ज्यांना सर्वाधिक हवी होती ते बहुधा हौशी नव्हते. युद्धकैदी, कुष्ठरुग्ण व विषाणुग्रस्त हे समाजाच्या नजरेने घायाळ झालेले लोक होते. पुण्याच्या कुंभाराची विद्या एका बैल हाकणाऱ्यापर्यंत पोहोचली होती. आजची विद्या तशाच मनुष्यापर्यंत पोहोचते काय, ह्यावरच तिचे सामाजिक मूल्य ठरेल. तिसरी गोष्ट वैद्यांसाठी आहे. गाल बसला असता तो भरण्यापूर्वी तो का बसला हे विचारणे आवश्यक आहे. वय, दातांची पडझड, कुपोषण, क्षय, मधुमेह किंवा चालू असलेले एखादे औषध ह्यांपैकी जे कारण असेल त्याचा विचार न करता केलेले पूरण म्हणजे वर्तमान सांगणाऱ्याचे तोंड बंद करणे होय.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पीठ १९९८ पासून नाशिक येथे आहे. आयुर्वेदातील शल्यतंत्र, आधुनिक पुनर्रचना-शल्य व त्वचारोगशास्त्र ह्या तिन्ही शाखांचे विद्यार्थी त्याच एका विद्यापीठाच्या परीक्षांस बसतात. सुश्रुताचा सोळावा अध्याय, १७९४ चे पत्र आणि स्टॅव्ह्युडिनचा अनुभव ही तीन प्रकरणे ह्या सर्व विद्यार्थ्यांच्या अभ्यासात शेजारी शेजारी ठेवली गेली, तर गालास सुई लावणाऱ्या वैद्याच्या मनात प्रथम द्रव्याचा नव्हे तर रुग्णाचा विचार येईल. छिन्न नासिकेची कथा ज्या नगराच्या नावाशी निगडित झाली, तेथून हा पाठ दिला जाणे सर्वस्वी उचित ठरेल.